देवघर, दौलत आणि खासगी

राजा जेथे राहतो तेथेच देवही राहत असेल, तर त्या देवाच्या समईतले तेल कोणत्या तिजोरीतून यावे, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटला तरी राजसत्ता आणि श्रद्धा यांच्या परस्परसंबंधाचा पुष्कळसा इतिहास त्यात साठलेला आहे, अशी माझी धारणा दिवसेंदिवस दृढ होत चालली आहे.

आमच्या खानदेशात या इतिहासाची एक जुनी पायरी चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आढळते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभ राजांनी त्याला नेमून दिलेल्या उत्पन्नाची नोंद शके ११२८ च्या शिलालेखात कोरली गेली. तो लेख भवानीच्या देवळात सापडला. येथे देवी रानात, राजा आपल्या गावी, आणि दान रयतेच्या करातले. देणारा कोण आणि घेणारा कोण याविषयी संदेहाला जागाच नाही. संदेह उत्पन्न होतो तो देव वाड्याच्या आत आल्यावर.

तळोद्याला मामांच्या घरी वाढलेले मल्हारराव होळकर सुभेदार झाले, तेव्हा लष्करासाठी मिळालेला सरंजाम आणि घरच्या बायकामाणसांचा खर्च यांची सरमिसळ होऊ नये अशी व्यवस्था झाली. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर दिली. एकीकडे दौलत, दुसरीकडे खासगी. दौलतीचा हिशेब पुण्याला द्यावयाचा, खासगीची मुखत्यारी घरच्या कर्त्या स्त्रीकडे. ही साधी दफ्तरी तजवीज पुढे त्यांच्या सून अहिल्याबाईंच्या हाती आली आणि तिचे रूपच पालटले.

धुळ्याहून आग्रा रस्त्याने शिरपूर, बिजासनचा घाट आणि सेंधवा मागे टाकून नर्मदा ओलांडली की अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर फार दूर राहत नाही. तेथील राजवाडा पाहून थाटाची अपेक्षा ठेवणारा मनुष्य चकित होतो: लाकडी खांबांची बैठी ओसरी, तिच्यावर बाईंची गादी, आणि लगत देवघर. या देवघराशी जोडलेले लिंगार्चन आजही चालू आहे. सकाळी ब्राह्मण पाटावर बसून काळ्या मातीची इवलीशी शिवलिंगे चिमटीने घडवितात, ओळीने मांडतात, त्यांची पूजा होते आणि मग ती सारी नर्मदेत विसर्जित होतात. दररोज नवे घडवावयाचे आणि दररोज सोडून द्यावयाचे, हा क्रम दोन शतकांहून अधिक काळ टिकला आहे.

बाईंच्या आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्री शंकर’ असे. महेश्वरच्या टांकसाळीतील रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे, परंतु खूण शिवलिंगाची आणि बेलपत्राची. राज्य देवाचे, आपण केवळ कारभारी, ही भावना त्या काळी एकट्या महेश्वरात नव्हती. त्रावणकोरच्या मार्तंडवर्म्याने १७५० साली आपले राज्य पद्मनाभस्वामींना अर्पण केलेच होते. पण मला विशेष वाटते ते पुढचे. सारे राज्यच शंकराचे म्हटल्यावर शंकराच्या नावाने सारा खजिना उधळण्यास कोणाची हरकत होती? काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे उभी करणाऱ्या या बाईने तो धर्मादाय खासगीतून केला. राज्य देवाला वाहणे सोपे. वाहिल्यावरही दौलतीच्या थैलीला हात न लावणे कठीण, आणि त्यांचे खरे मोठेपण मी येथे पाहतो.

जपानच्या राजवाड्यातील देवस्थानांचा विचार या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील जुने इतिवृत्त सांगते, की सूर्यदेवी अमातेरासूचा पवित्र आरसा आरंभी सम्राटासह एकाच वास्तूत नांदत असे. सुजिन सम्राटाला त्या सान्निध्याचे भय वाटले आणि त्याने तो बाहेर नेवविला. पुढे तो इसे येथे स्थिरावला, वाड्यात प्रतिरूप राहिले. टोकियोच्या वाड्याच्या आवारातील तीन देवालये, म्हणजे सूर्यदेवीचे, राजपूर्वजांचे आणि इतर समस्त देवांचे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली, आणि त्यांतील पूजा ही राष्ट्राचीच पूजा ठरली. डिसेंबर १९४५ मध्ये विजेत्यांच्या हुकुमाने शासन आणि शिंतो धर्म यांची फारकत झाली. देवालये जागची हलली नाहीत, २३ नोव्हेंबरचा नवान्नाचा विधी सम्राट आजही स्वतः करतात. परंतु तेथील पुजारी सरकारी नोकर न राहता सम्राटाच्या खासगी खर्चातून वेतन घेणारे सेवक झाले. जपानने ही रेषा पराभवानंतर ओढली, महेश्वरात ती आपखुशीने पाळली गेली होती.

आपल्याकडे प्रवाह मात्र उलट वाहिला. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने खानदेश होळकरांच्या हातून गेलाच होता. १९४८ मध्ये उरलेली दौलतही मध्य भारतात विलीन झाली. खासगीची मिळकत त्या राज्याकडे गेली आणि तिच्या मोबदल्यात धर्मादायासाठी सालीना २,९१,९५२ रुपयांची कायम नेमणूक ठरली. १९६२ साली त्यासाठी न्यास झाला. त्या न्यासाच्या मिळकतींवरून तंटे वाढत जाऊन अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सार्वजनिक न्यासाचा कायदा लागू असल्याचा निर्वाळा दिला. एका राणीच्या घरखर्चाची बाब अशा रीतीने सर्व प्रजेच्या देखरेखीची झाली. मला हा निर्णय बाईंच्या वृत्तीशी सुसंगतच वाटतो. कारण त्यांचे घाट आणि विहिरी ज्या वाटसरूंसाठी होत्या, त्यांना त्यांचा जमाखर्च विचारण्याचा अधिकार आता कायद्याने मिळाला आहे.