एकटं राहायचं नाही

अमेरिकेच्या युटा राज्यात, प्रोव्हो शहरात, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला लागून एक विस्तीर्ण आवार आहे. तिथल्या फुटपाथला गाड्या येऊन टेकतात, आई-वडील उतरतात, पोराला मिठी मारतात, सुटकेस खाली ठेवतात आणि काही मिनिटांत गाडी पुढे निघते. पूर्वी घरच्यांनाही आत घेऊन छोटी सभा व्हायची. ती संपली की पालकांनी एका दारानं जायचं, मुलांनी दुसऱ्या. त्या दोन दारांपाशी फार रडारड व्हायची. आता निरोप रस्त्याच्या कडेलाच उरकतात.

हे मॉर्मन मिशनरींचं प्रशिक्षण केंद्र. (चर्चच्या नेतृत्वाला ‘मॉर्मन’ हे नाव आता नकोसं झालंय. २०१८पासून त्यांचा आग्रह पूर्ण, लांबलचक नावाचा आहे. पण जग सवय सोडत नाही.) १९६१ साली परदेशी जाणाऱ्या प्रचारकांना भाषा शिकवण्यासाठी विद्यापीठात सुरू झालेल्या वर्गांतून हे केंद्र वाढलं. सध्याचं आवार १९७६चं, आणि २०१७मध्ये त्यात मोठ्या इमारतींची भर पडली. इथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. शिकवणारे बहुतेक जण स्वतः नुकतेच मिशनवरून परतलेले विद्यार्थी. म्हणजे विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलांना शिकवणारेही जेमतेम विशीतलेच.

२०१२च्या ऑक्टोबरमध्ये चर्चचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी मिशनवर जाण्याचं किमान वय मुलांसाठी १९वरून १८ आणि मुलींसाठी २१वरून १९ केलं. त्या वेळी जगभर ५८ हजारांच्या आसपास मिशनरी होते. दोन वर्षांत ते ८५ हजारांवर गेले. मुलं दोन वर्षं जातात, मुली दीड. पगार नाही. उलट दरमहा ठरलेली रक्कम घरच्यांनी किंवा स्वतः साठवलेल्या पैशांतून भरायची. कुठे जायचं हेही आपण ठरवायचं नाही. ब्राझील की मंगोलिया, की शेजारचंच राज्य, ते सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मुख्यालयातून कळतं.

आत पाऊल टाकलं की छातीवर काळी पट्टी लागते. तिच्यावर आडनाव आणि चर्चचं नाव. पहिलं नाव दोन वर्षांपुरतं बाजूला पडतं. मुलगा ‘एल्डर’ होतो, मुलगी ‘सिस्टर’. मिसरूडही धड न फुटलेल्या पोराला दिवसभर वडीलधाऱ्याची पदवी लावून हाक मारायची यात थोडी गंमत आहेच, आणि ती त्या पोरांनाही कळते. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. मधला वेळ वर्ग, अभ्यास, प्रार्थना, थोडा व्यायाम. मंगळवारी संध्याकाळी मोठ्या सभागृहात प्रवचन, आणि तिथे अधूनमधून चर्चच्या बारा प्रेषितांपैकी कुणी येऊन बोलतात. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा आणि घरी पत्रं लिहिण्याचा. जेवणाच्या हॉलमध्ये मात्र हात आखडता नाही. वजन वाढल्याच्या तक्रारी तिथल्या आठवणींत हमखास सापडतात.

खरं काम वर्गात चालतं. पोर्तुगीज किंवा कोरियन शिकायला आलेला मुलगा पहिल्या काही दिवसांतच त्या भाषेत प्रार्थना करायला आणि आपल्या श्रद्धेची ग्वाही द्यायला शिकतो. बाजारातून भाजी कशी आणायची हे त्या भाषेत सांगता येत नसतं, पण देव आहे, या धर्माचा संस्थापक जोसेफ स्मिथ त्याचा प्रेषित होता, हे मला ठाऊक आहे, एवढं तो अडखळत बोलतो. मग एका खोलीत धर्माविषयी कुतूहल असलेला ‘पाहुणा’ बसलेला असतो. हा पाहुणा बहुतेकदा शिक्षकच असतो, भूमिका वठवत असतो. त्याच्यापुढे बसून धडा द्यायचा. पाहुणा प्रश्न विचारतो, शंका काढतो, कधी कधी त्याचे डोळे भरून येतात. नाटक आहे हे दोन्ही बाजूंना माहीत, आणि तरी खोलीतून बाहेर पडणारी मुलं खरोखर हलून गेलेली असतात.

इथे धर्माचा एक जुना पेच समोर येतो. जे अजून आपलं झालेलं नाही, ते ‘मला ठाऊक आहे’ म्हणून बोलणं हा खोटेपणा नाही का? मॉर्मन परंपरेनं याचं उत्तर उघडपणे दिलं आहे. बॉइड पॅकर या त्यांच्या ज्येष्ठ प्रेषितानं १९८३ साली छापलेल्या भाषणात सांगितलं, की श्रद्धेची ग्वाही देता देताच ती सापडते. आधी खात्री होण्याची वाट पाहत बसू नये. सतराव्या शतकातल्या पास्कालचाही अश्रद्ध माणसाला असाच सल्ला होता: विश्वास ठेवणारे जसं वागतात तसं वागायला लाग, विश्वास मागाहून येईल.

यावर लगेच नाक मुरडण्याचं कारण नाही. पाढे आधी पाठ होतात, गुणाकार मागून कळतो. माणूस प्रेमात, मैत्रीत, पालकपणातही मनातली खात्री पूर्ण होण्याआधीच शब्द देतो आणि मग त्या शब्दाला जागता जागता तसा घडतो. अठराव्या वर्षी कुणाची श्रद्धा पूर्ण असते? पॅकर यांचा मुद्दा त्यामुळे वरवर दिसतो तितका कच्चा नाही. पण बोलून पाहिलेली गोष्ट आपली झाली की नुसती तोंडी बसली, हे ताडून पाहायला माणसाला कधीतरी एकट्यानं बसावं लागतं. प्रोव्होतल्या दिनक्रमात नेमकी तीच जागा नाही.

कारण इथला सर्वांत कडक नियम जोडीदाराचा. आल्याबरोबर प्रत्येकाला एक सोबती नेमून दिला जातो, मुलाला मुलगा, मुलीला मुलगी. निवड आपली नाही. त्याच्यासोबत उठायचं, जेवायचं, शिकायचं, झोपायचं. न्हाणीघरासारखे मोजके प्रसंग सोडले तर नजरेआड व्हायचं नाही. मिशनवर सोबती बदलत राहतात, नियम बदलत नाही. त्याला शास्त्राचा आधार आहे: मार्कच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो. व्यवहाराचाही आहे. परमुलखात कोवळ्या पोरांना सोबत हवी, आजारपणात हवी, मोहापासूनही राखण हवी. पण जोडीदार हा पहारेकरीही असतो, आणि मध्यरात्री मनात उठलेली शंका शेजारच्या खाटेवरच्या पहारेकऱ्याला सांगणं सोपं नसतं. मुदतीआधी परतलेल्या मुलांकडे मॉर्मन वस्त्यांत कसं पाहिलं जातं, हेही प्रत्येकाला ठाऊक असतं.

यातली विसंगती मॉर्मनांच्याच मूळ कथेतून दिसते. जोसेफ स्मिथ या चौदा वर्षांच्या मुलाला, इतक्या पंथांतला खरा कोणता, हा प्रश्न छळत होता. म्हणून १८२०च्या वसंतात न्यूयॉर्क राज्यातल्या घराजवळच्या राईत तो गेला. एकटा. तिथे त्याला जे दिसलं त्यावर हा सगळा धर्म उभा आहे. त्याच धर्माचा आजचा अठरा वर्षांचा दूत असा राईत जायला निघाला, तर सोबत्यानं त्याला परत आणायला हवं.

सुरुवातीचे सगळेच प्रचारक असे बांधलेले नव्हते. १८५२ साली ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन मुंबईला उतरला. ना प्रशिक्षण केंद्र, ना वेळापत्रक. मुंबईत विरोध झाल्यावर त्यानं पुणं गाठलं आणि तिथे मॉर्मनांची छोटी शाखा काढली. काही वर्षांतच हिंदुस्थानातलं ते मिशन गुंडाळलं गेलं. एकट्यानं वणवण करण्याची किंमतही मोठी असते, हे चर्च अशा अनुभवांतूनच शिकलं असेल.

अलीकडे शिस्त थोडी सैल होतेय. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९पासून तो दर आठवड्याला करता येतो. मार्च २०२०मध्ये साथीमुळे प्रोव्होचे वर्ग बंद पडले आणि प्रशिक्षण पडद्यावर गेलं. पुढच्या वर्षी आवार पुन्हा उघडलं, तरी सुरुवातीचे दिवस घरूनच शिकायची पद्धत चर्चनं ठेवली. त्यामुळे नवा एल्डर आता आपल्याच खोलीत बसून ग्वाही द्यायला शिकू लागतो. सोबती पडद्यावर असतो, आणि वर्ग संपला की पडदा बंद करता येतो.