दोष कोणाचा?

आमच्या मंडळीच्या आवारात एक जुना आंबा आहे. काही वर्षांपूर्वी त्याचा मोहर कमी झाला व शेंड्याकडील फांद्या वाळू लागल्या. जवळ जाऊन पाहतो तो सालीवर करड्या-हिरवट रंगाचे पापुद्रे पसरलेले. "हीच कीड झाड खाते आहे," असा निकाल आम्ही उभ्या उभ्या देऊन टाकला. तरुण संघाच्या मुलांकडून साल खरवडून घेतली, वर चुना फासला. पुढल्या वर्षी आणखी दोन फांद्या वाळल्या.

ज्याला आम्ही कीड म्हटले ते दगडफूल होते. आपल्या गोड्या मसाल्यात पडते ते याच कुळातले. तो एक जीव नसून दोघांचा संसार आहे, हे स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६९ च्या सुमारास मांडले. बुरशी घर बांधते व ओल धरते. तिच्या आत राहणारे सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते. दगडफुलाला मुळे नसतात. ते सालीला नुसते धरून असते, झाडाच्या अन्नाला तोंड लावीत नाही. पाऊस, धुके आणि हवा यांवर त्याचे भागते.

मग वाळत्या फांदीवर तेच अधिक का दिसते? पाने गळाली की तेथे ऊन पोहोचते आणि वर्षाला काही मिलिमीटरच वाढणाऱ्या या जीवाला जम बसवता येतो. फांदी आधी खंगते, दगडफूल मागून येते. आम्ही क्रम उलटा लावला.

वास्तविक ते उपकारीच आहे. निखारासारखे लहान पक्षी त्याचे तुकडे घरट्याला बाहेरून लावतात, म्हणजे घरटे फांदीत मिसळून जाते. धुराने दूषित झालेल्या हवेत त्याच्या पुष्कळ जाती टिकत नाहीत. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतील दगडफुले पाहून विल्यम नीलँडर यांनी १८६६ मध्येच सांगितले होते की, हवेची शुद्धता यावरून ओळखावी. आम्ही आरोपी ठरविला तो चांगल्या हवेचा साक्षीदार होता!

खरे कारण मंडळीतील एका शेतकरी बंधूंनी दाखविले. बुंध्याभोवती आम्हीच सिमेंटची फरशी घातली होती. मुळांना पाणी व हवा मिळेना. पण तो ठराव आमचा. तेथे आमची नजर कशी जावी?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, हे आपण मुलांना सांगतो. तरी घरात आजारपण आले की नवी सून पांढऱ्या पायाची ठरते. मंडळीत तंटा झाला की नुकतेच आलेले कुटुंब डोळ्यांत येते. दिसले त्याला दोष द्यावा, म्हणजे आपल्या पायाखालची फरशी पाहावी लागत नाही. जन्मांधाला पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे, हेच प्रथम विचारले. प्रभूने तो प्रश्न बाजूला सारला आणि त्या माणसाला दृष्टी दिली.

आम्ही फरशी फोडली आहे. आंब्याला पालवी दिसते. खरवडलेल्या सालीवर दगडफूल पुन्हा यायला मात्र पुष्कळ वर्षे लागतील. ज्या माणसांची नावे आपण अशीच खरवडली, त्यांचे काय? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना एकदा अशा झाडाजवळ न्यावे, आणि हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.