असाध्य आजारी जनावर आणि अहिंसा

पाळीव कुत्र्यामांजरांच्या बहुतेक आजारांत धर्माचा पेच नसतो. पार्व्हो लसीने टळतो, गोचीड ताप वेळीच ओळखला तर औषधांनी उतरतो, खरजेवरही उपाय आहे. पेच पडतो तो औषध संपते तिथे. म्हाताऱ्या मांजराच्या मूत्रपिंडविकाराची लक्षणे दिसेपर्यंत मूत्रपिंडांची बरीचशी क्षमता गेलेली असते. कुत्र्याच्या हाडाचा कर्करोग पाय कापूनही पुष्कळदा फुप्फुसांत पोचतो. अशा वेळी पशुवैद्य दयामरणाचा पर्याय सुचवतात आणि अहिंसा मानणाऱ्या घरात प्रश्न उभा राहतो: यातना संपवण्यासाठी जीव घ्यावा का?

रूढ जैन उत्तर ठाम आहे. प्राण घेणे ही हिंसा, दयेचा हेतू तिला पुसून टाकत नाही. दुःख हे कर्माचे फळ; देह संपवला म्हणून ते संपत नाही, मारणाऱ्याला मात्र नवे कर्मबंधन लागते. सल्लेखनेचा, म्हणजे उपोषणाने देह ठेवण्याच्या व्रताचा, दाखला इथे चालत नाही, कारण ते व्रत ज्याचे त्याने स्वतःच्या निर्धाराने घ्यायचे असते. म्हणून या परंपरेने मरणाऐवजी सांभाळ दिला. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली; पुढे १८३४ मध्ये पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने निराधार जनावरांना सांभाळणारी मुंबईची पांजरपोळ ही संस्था सुरू झाली. निरुपयोगी जनावरालाही अखेरपर्यंत जगू देण्याचा हा विचार थोर आहे. पण वेदना शमवण्याची साधने नसतील, तर नुसते जगू देणे पुरेसे ठरत नाही.

१९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. उपचार हरले, तेव्हा गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला विषाचे इंजेक्शन देवविले. त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. त्यांचे म्हणणे असे की हिंसा क्रोधात किंवा स्वार्थात असते. ज्याला मारायचे त्याच्याच हितासाठी, निःस्वार्थपणे केलेले कृत्य अहिंसेत बसू शकते. मात्र त्यासाठी त्यांनी चार अटी घातल्या: रोग असाध्य असावा, सर्वांनीच आशा सोडलेली असावी, कोणतीही मदत वा सेवा शक्य नसावी आणि रोग्याला आपली इच्छा सांगता येत नसावी. एक जरी अट पुरी झाली नाही, तरी जीव घेणे अहिंसेच्या दृष्टीने समर्थनीय नाही.

गांधीजींची ही कसोटी कर्मसिद्धांतावरच्या उत्तरापेक्षा अधिक न्याय्य वाटते, कारण तिच्या मध्यभागी मारणाऱ्याचे पाप-पुण्य नसून सोसणारा जीव आहे. घरातल्या जनावराबाबत तिसरी अट सर्वांत अवघड. मूत्रपिंडविकार झालेल्या मांजराला कातडीखाली सलाइन देता येते, मळमळीवर औषध असते, पथ्याचे अन्न मिळते. त्यावर काही मांजरे बराच काळ समाधानाने जगतात. म्हणजे सेवा शक्य असते, पण ती महाग, चिकाटी मागणारी आणि थकवणारी असते. पाळणाऱ्याचा थकवा खरा असतो आणि त्याला सहानुभूती मिळायलाच हवी. पण तो जनावराच्या वेदनेचा पुरावा नव्हे. तो पुरावा जनावराच्या वागण्यात शोधावा लागतो: ते खाते का, अंग चाटून स्वच्छ ठेवते का, उठून जागा बदलते का, हाक मारल्यावर कान टवकारते का. हे सारे थांबले आणि वेदनाशामकांनीही उतार पडेना, तर तिसरी अट पुरी झाली असे म्हणता येते. त्यानंतरही जनावराला तसेच ठेवले, तर ते त्याच्यासाठी नसून माणसाचे मन निर्दोष राहावे यासाठी असते.