ओळख

२०२२ साली सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने एक नेम धरला : सायंकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बंद. तो धडा घेऊन मीही महिनाभर संगणक मिटला. लेखन थांबले, 'आता आपली आठवण कोणाला राहणार?' ही भीती मात्र जाईना.

अशात बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस दासोपंतांच्या समाधीस्थानी गेलो. या संतकवीने (१५५१–१६१५) कापडाच्या पासोडीवर ग्रंथरचना लिहिली. वाचक मोजण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

परतताना एस. टी. स्थानकावर एका वृद्ध गृहस्थांनी लेखासोबतच्या छायाचित्रावरून मला ओळखले. ''बरेच दिवसांत तुमचा लेख नाही. प्रकृती बरी आहे ना ?'' मी सुखावलो. गाडी सुटल्यावर लक्षात आले, मी त्यांचे नावही विचारले नव्हते !

रोज मी वाचकांची संख्या पाहत असे. त्यांतील एकाची विचारपूस कधी केली नव्हती. यंत्रापासून विश्रांती जरूर घ्यावी. माणसांच्या ऋणातून मात्र सुटी नाही. आपल्याला किती जण ओळखतात, यापेक्षा आपण किती जणांना ओळखतो, हाच खरा प्रश्न नव्हे काय ?