आज्ञा आणि विवेक

सेनापतीची आज्ञा हजारों मैलांवरील सैनिकास क्षणार्धांत पोहोंचूं लागली, म्हणजे सैनिकाच्या स्वतःच्या विवेकाचें काम संपलें काय? आमच्या मतें नाहीं.

बिनतारी संदेशाच्या लघुलहरी आकाशांतील विद्युन्मय थरावरून परतून समुद्रापार जातात. पण खाऱ्या पाण्यांत त्या शिरत नाहींत. अतिदीर्घ लहरी कांहीं मीटर शिरतात, पण त्यांनीं फार थोडे शब्द नेतां येतात, आणि बुडालेल्या पाणबुडीस त्या वाटेनें उत्तर धाडतां येत नाहीं.

२७ ऑक्टोबर १९६२ रोजीं क्यूबाजवळ ‘बी-५९’ ही सोव्हिएट पाणबुडी अशीच एकाकी पडली होती. वर अमेरिकन विनाशिका, भोंवतीं इशाऱ्याचे स्फोट, आंत असह्य उष्मा, जवळ अण्वस्त्राचा टॉर्पेडो, आणि मॉस्कोशीं संपर्क तुटलेला! युद्ध पेटलें असावें अशा समजुतीनें कप्तान साव्हित्स्की भडकले, व वरिष्ठ अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांच्याशीं बोलून शांत झाले, असें पाणबुडीवरील एकाचें कथन आहे. पाणबुडी वर आली. टॉर्पेडो सुटला नाहीं.

कोणी म्हणेल, संपर्क असता तर हा प्रसंगच ओढवला नसता. आणि जो तो आपल्या मनानें वागूं लागला तर सैन्य टिकेल कसें? दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. संदेशयंत्रणा निर्दोष असावी, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु त्याच लहरींवरून चुकीची आज्ञा आली असती तर? यंत्र आज्ञा वाहून नेतें. ती पारखीत नाहीं. तें काम ऐकणाऱ्याचेंच राहतें.