दावीदाची झोप, माधवरावांचा जप

दावीद राजा जेरुसलेमातून निघाला तो अनवाणी, डोकं झाकून, रडत. राज्यावर चालून आला होता पोटचा मुलगा, अबशालोम. याजकांनी कराराचा कोश बरोबर आणला, तर दावीदाने तो माघारी शहरात धाडला. देवाची मर्जी असेल तर तोच मला परत आणील, म्हणाला. मला यात त्याची खरी श्रद्धा दिसते. भ्यालेला माणूस देवालाच ढाल करायला बघतो. दावीदाने तो मोह टाळला. आणि वाटेत जैतुनाच्या डोंगरमाथ्यावर मित्र हूशय भेटला, तेव्हा त्याला अबशालोमाच्या गोटात खबरा काढायला पाठवलंही. डोळ्यांतलं पाणी खळलं नव्हतं, तरी डोकं चालू होतं. बायबलातलं तिसरं स्तोत्र याच पळापळीतलं म्हणतात. चहूकडे शत्रू असताना आपण झोपलो आणि जागे झालो, एवढीच त्यात त्याची बढाई.

घरची फितुरी पुण्याला नवी नाही. १७६१ साली सोळाव्या वर्षी माधवराव पेशवे झाले आणि पुढच्याच वर्षी सख्खे काका राघोबादादा निजामाची मदत घेऊन उलटले. आळेगावला हार झाली, तेव्हा पुतण्या आपण होऊन काकांच्या छावणीत गेला. दौलत दुभंगण्यापेक्षा मान खाली घातलेली बरी, हा हिशेब सतराव्या वर्षी सुचणं सोपं नव्हे. पुढे ते जपजाप्यात गुंतले, कामं तटली, तेव्हा न्यायाधीश रामशास्त्र्यांनी बजावलं म्हणतात: जपच करायचा तर काशीला चला, राज्य करायचं तर कचेरीत बसा. माधवरावांनी ऐकलं. भीती वाटली की देवघर जवळचं वाटतं, हे शास्त्रीबुवांनी ओळखलं असावं.

१७६८ साली धोडपला काका हाती लागले. माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं, जिवाला हात लावला नाही. अबशालोमालाही सांभाळून घ्या, असं दावीदाने बजावलं होतं. सेनापती योआबाने ऐकलं नाही, आणि जिंकलेला राजा वेशीवरच्या खोलीत मुलाच्या नावाने हंबरडा फोडत राहिला. माधवराव १७७२ मध्ये थेऊरला, चिंतामणीच्या पायाशी गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी वाड्यात राघोबादादांच्या बाजूच्या गारद्यांनी माधवरावांचे धाकटे भाऊ, नवे पेशवे नारायणराव यांना मारलं.

काकांचा जीव राखला म्हणून माधवरावांना बोल लावणारे भेटतात. मला ते पटत नाही. क्षमा करणाऱ्याच्या माथी खुनाचं पाप मारायचं, तर मारणाऱ्याचं काय? रामशास्त्र्यांना तो प्रश्न पडला नाही. माधवरावांना जपावरून उठवणारा हा माणूस राघोबादादांपुढे उभा राहिला आणि देहान्त प्रायश्चित्त सांगून पुण्याबाहेर पडला.