पिशव्या सांभाळणारे



मे महिना आला की घरोघरी सहलीचा विषय निघतो. आमच्या घरी मात्र त्यासोबत एका बाकाची आठवण निघते.

गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले तेव्हा आमची मुले लहान होती. पुढे दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या हट्टापायी तिथे जाणे व्हायचे. वसईहून लोकलने बोरिवली, तिथून गोराईची खाडी आणि मग बोट. खाडीचा वारा, काठावरची तिवरे, इथपर्यंत आम्हा दोघांनाही सहल आवडायची. आत शिरलो की मात्र आमचा उत्साह मावळायचा. ती गर्दी, ते संगीत, उलटेसुलटे फिरणारे ते पाळणे! मुले धावत सुटायची आणि आम्ही सावलीतले एक बाक गाठून सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसायचो.

आपण मुलांसाठी केवढा त्याग करतो, असे आम्हाला तेव्हा वाटत असे. खरे सांगायचे तर त्यात थोडा अभिमानही होता. पैसे देऊन घाबरून घ्यायचे, ही कसली करमणूक? आनंद कसा आतून यावा, यंत्राने गदागदा हलवून नव्हे, असे आम्ही एकमेकांना सांगायचो. गावच्या सणाच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यात आम्ही स्वतः लहानपणी किती वेळा बसलो होतो, हे त्या वेळी सोयीस्करपणे विसरायचो. तो पाळणाही यंत्रच होता आणि त्यालाही पैसे पडत होते!

२०१८ साली आम्ही नातीला घेऊन तिथे गेलो. ती नऊ वर्षांची होती. आम्ही सवयीप्रमाणे बाक शोधू लागलो, तेव्हा तिने निरागसपणे विचारले, “आजोबा, तुम्ही आणि आजी फक्त पिशव्या सांभाळायला येता का?”

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. पिशव्या लेकीच्या हाती देऊन आम्ही दोघे नातीबरोबर ‘अॅक्वा डाइव्ह’च्या रांगेत उभे राहिलो. बोटीसारख्या गाडीत बसून उंचावरून खाली पाण्यात झेपावायचे, असा तो खेळ. गाडी वर चढू लागली तशी नातीने आमचे दोन्ही हात घट्ट धरले. तिची बोटे गार पडली होती. तोवर आमची समजूत होती की मुलांना या गोष्टींची भीतीच वाटत नाही. गाडी वरून सुटली, आम्ही तिघेही ओरडलो, पाण्याचा लोट अंगावर आला आणि दुसऱ्याच क्षणी तिघेही हसत होतो. का हसलो ते सांगता येणार नाही. भीती खरी होती, धोका मात्र नव्हता, आणि शेजारी आपले माणूस होते.

ओले कपडे पिळत बाकापाशी आलो तेव्हा लेकीला आम्ही म्हटले, “अगं, पोर किती घाबरली होती!” लेक सहज म्हणाली, “मीसुद्धा घाबरायचे. पण तुम्ही खाली बसलेले असायचात, मग कोणाला सांगणार?”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते आम्हाला अधिक लागले. पिशव्या आम्ही इमानेइतबारे सांभाळल्या होत्या. लेकीचा हात धरायचे मात्र राहून गेले होते.

तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला सतावतो. जे मनापासून आवडत नाही त्यात आनंद घ्यायला शिकणे, हे आपले कर्तव्य असू शकते का? आवड तर जबरदस्तीने येत नाही. आणि आवडल्याचे सोंग मुले लगेच ओळखतात.

तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात खेळ आणि विनोद यांचाही विचार केला आहे. शरीर थकते तसे मनही थकते आणि मनाची विश्रांती म्हणजे आनंद, असे ते म्हणतात. तिथे त्यांनी संत योहानाची एक जुनी कथा सांगितली आहे. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांना ते खटकले. तेव्हा धनुष्य बाळगणाऱ्या एकाला योहानाने बाण मारायला सांगितले, आणि असेच सतत मारत राहशील का, असे विचारले. तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सांगितले.

अॅरिस्टॉटलचा आधार घेऊन थॉमस आणखी एक गोष्ट सांगतात. जो स्वतः कधी हसत नाही आणि इतरांच्या हसण्यातही विरजण घालतो, त्याचे वागणे सदोष आहे, कारण तो इतरांना जड होतो. मौजमजेचा अतिरेक हा याहून मोठा दोष, हेही ते बजावतात. म्हणजे बाकावर बसण्याचे समर्थन अगदीच नाही असे नाही! दमलेल्या माणसाने बसावे, दुखत्या गुडघ्यांनी बसावे, प्रकृतीला झेपत नसेल त्याने तर बसावेच. आमचे गुडघे मात्र १९९० च्या दशकात ठणठणीत होते. आम्हाला बसवून ठेवले होते ते आमच्या नापसंतीने, आणि त्या नापसंतीला आम्ही साधेपणा असे नाव दिले होते.

म्हणून आम्हाला आता वाटते की अमुक गोष्ट आवडलीच पाहिजे, असे कर्तव्य कोणावर नसते. पण आपल्या माणसाला त्यात काय दिसते, हे एकदा त्याच्या शेजारी बसून पाहणे, एवढे तर आपल्या हातात असते. त्या दिवशी आम्ही आणखी तीन पाळण्यांत बसलो. एक आवडला, एक सोसला, आणि तिसऱ्यातून उतरल्यावर आजींना लिंबूपाणी द्यावे लागले. गर्दी आणि संगीत आजही आम्हाला भावत नाही. तरीही तो दिवस आमच्या चांगल्या दिवसांपैकी एक आहे.

पुढे २०२२ साली एस्सेलवर्ल्ड बंद झाले. आम्हाला ते आवडू लागले आणि ते मिटले. लेकीच्या लहानपणाचे तर आधीच सरले होते. आता नात मोठी झाली आहे. कानाला यंत्र लावून ती कसलीशी गाणी ऐकत बसते. ती गाणी आम्हाला अजिबात कळत नाहीत. परवा तिने एका कानातले यंत्र काढून आमच्यापुढे धरले आणि म्हणाली, “ऐकता का?”

आम्ही ऐकले. तुमच्या घरी असा हात कोणी पुढे केला आहे का?